निखळलेल्या दाताचा पहिला तास

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका दुपारी नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई आणि शाळेतले शिपाईकाका आमच्या अपघात विभागात घेऊन आले. मधल्या सुट्टीत पळताना तो शाळेच्या ओल्या व्हरांड्यात पालथा पडला होता. हनुवटी फुटली होती, ओठ सुजला होता, शर्टाची कॉलर रक्ताने भरली होती. विचारायचे ते सगळे मी विचारले. शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, डोके दुखते का, एकाचे दोन दिसतात का. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, मान तपासली, हनुवटीला चार टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. निघायच्या वेळी आईने पिशवीतून मुलाची कंपासपेटी काढली. आत कागदी रुमालात गुंडाळलेला वरचा समोरचा दात होता. अख्खा, मुळासकट, आणि पार कोरडा. ‘डॉक्टर, ह्याचं काही करता येईल का?’ असे तिने विचारले तेव्हा मूल पडून तीन तास होऊन गेले होते. त्यातला शेवटचा पाऊण तास तो दात माझ्यापासून दोन हातांवर होता. मीच विचारले नव्हते.

मुलाला दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांनी तो दात परत बसवलाही. पण मूळ कोरडे पडून फार वेळ गेला होता. पुढच्या काही वर्षांत ते हळूहळू झिजत गेले आणि मुलगा दहावीला जाण्याआधी दात गेला. डोक्याला मार लागलेल्या मुलाचे काय तपासायचे हे मला शिकवले गेले होते. पडलेल्या दाताचे काय करायचे हे कोणी शिकवले नव्हते, हे खरे. पण ती सबब झाली. तीस सेकंदांत विचारता येईल असा प्रश्न होता तो.

पालक, शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, रिक्षा आणि स्कूल बसचे चालक, सोसायटीतले वॉचमन या सगळ्यांसाठी आज हा विषय घेतला आहे. मुलाचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडला, तर तो वाचणार की नाही हे दवाखान्यात पोहोचण्याआधीच बहुतांशी ठरलेले असते. ते ठरवणारा माणूस डॉक्टर नसतो. त्या वेळी मुलाजवळ जो उभा असतो, तो असतो.

मुळावरचा जिवंत पापुद्रा

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. या तंतूंवर दात झोक्यासारखा टांगलेला असतो, म्हणून चावताना बसणारा दाब तो सहन करतो. फटका जोरात बसला की हे तंतू तुटतात आणि दात खोबणीतून सुटतो. तुटलेल्या तंतूंचा अर्धा भाग खोबणीत राहतो, अर्धा दाताच्या मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या या भागातल्या पेशी जिवंत असतात. त्या जिवंत असतानाच दात जागेवर गेला, तर दोन्हीकडचे तंतू पुन्हा सांधतात आणि दात पूर्वीसारखा धरला जातो.

पेशी मेल्या तर शरीर त्या मुळाला आपले मानत नाही. हाड थेट मुळाला येऊन चिकटते आणि नेहमीच्या झिजण्या-भरण्याच्या कामात मूळही हाडाबरोबर खाल्ले जाते. त्याच्या जागी हाड भरते. वाढत्या वयाच्या मुलात असा चिकटलेला दात जबड्याबरोबर खाली सरकत नाही. शेजारचे दात वाढतात आणि हा आखूड दिसू लागतो. काही वर्षांनी मूळ संपते.

या पेशींचा शत्रू एकच, कोरडेपणा. डेन्मार्कमधील जेन्स अँड्रिसन या दंतशल्यचिकित्सकाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ मध्ये पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांची मुळे दोन वर्षांनंतरही झिजलेली नव्हती. दोन तासांनंतर बसवलेल्यांपैकी ९५ टक्के दातांची मुळे झिजली होती. त्यानंतर साठ वर्षांत तंत्र सुधारले, तारा सुधारल्या, पण मूळ हिशेब बदललेला नाही. पहिली पाच मिनिटे सोन्याची. पहिली वीस-तीस मिनिटे चांगली. एक तासभर दात कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी जवळजवळ सगळ्या गेल्या, असे धरून पुढचे उपचार करावे लागतात.

म्हणून कंपासपेटी ही दातासाठी सर्वांत वाईट जागा. खिसा, कागदी रुमाल, कापूस, औषधाच्या पुडीचा कागद, हेही तसेच. आई-वडील किंवा शिक्षक दात जपून आणतात, फेकून देत नाहीत, हे कौतुकाचेच. फक्त जपायची पद्धत उलटी होते. कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा म्हणून दात पुसला जातो, आणि पुसताना नेमक्या वाचवायच्या त्या पेशी रुमालाला लागून निघून जातात.

दुधाचा की कायमचा?

आधी हे ओळखावे लागते, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. दुधाचा दात अपघाताने पडला तर तो परत बसवायचा नाही. तसे केले तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलावर टाकायची किंवा उंदराच्या बिळात ठेवायची गंमत घरोघरी असते. दात पडणे म्हणजे मूल मोठे होत असल्याची खूण, हीच सवय मनात बसलेली असते. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाचा समोरचा दात पडला की ‘येईल दुसरा’ असे मोठी माणसेही सहज बोलून जातात. दुसरा येत नाही. तो दुसराच असतो.

खालचे समोरचे कायमचे दात साधारण सहा ते सात वर्षांच्या वयात येतात, वरचे मधले दोन सात ते आठच्या सुमारास. म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलाचा पडलेला दात बहुधा दुधाचा आणि आठच्या पुढच्या मुलाचा समोरचा दात बहुधा कायमचा. मधल्या वयात दाताकडे नीट पाहावे. कायमचा दात मोठा, रुंद आणि किंचित पिवळसर असतो. नव्याने आला असेल तर त्याची कड करवतीसारखी दातेरी असते. अपघातात निघाला असेल तर त्याला लांब मूळ असते. दुधाचा दात छोटा आणि दुधासारखा पांढरा असतो. आपोआप हलून पडलेला असेल तर त्याला मूळ जवळजवळ नसतेच.

ओळखता आले नाही तर डोके चालवत बसू नका. दात दुधात टाका आणि निघा. ठरवायचे काम दंतवैद्यांचे. दुधाचा दात असला तरी तो बरोबर न्यावा. दात सापडला नसेल तर तेही आवर्जून सांगावे. कधी कधी तो पडलेला नसतो, आत हिरडीत घुसलेला असतो. कधी गिळला जातो, त्याचे फारसे बिघडत नाही. पण मूल पडल्यानंतर सतत खोकत असेल, श्वासाला घरघर येत असेल, तर दात श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी लागते आणि छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

जागेवर काय करायचे

सर्वांत आधी मूल, मग दात. मूल बेशुद्ध झाले होते का, गोंधळल्यासारखे बोलते का, उलट्या होतात का, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखे काही येते का, जबडा वाकडा झाला आहे का, तोंड मिटल्यावर दात नेहमीसारखे जुळतात का, हे पाहा. यातले काही असेल तर १०८ क्रमांकाला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. दात मात्र तेव्हाही दुधात घालून बरोबर न्या. पाच सेकंदांचे काम आहे.

मूल शुद्धीवर असेल, बोलत असेल, तर त्याला बसवा. स्वच्छ रुमाल हळूच दाबून रक्त थांबू द्या. तोंडातून रक्त आले की ते लाळेत मिसळून खूप दिसते, त्याने घाबरू नका. दुसऱ्या कोणाला तरी दात शोधायला लावा.

दात सापडला की तो वरच्या पांढऱ्या भागाने, म्हणजे एरवी तोंडात दिसतो त्या भागाने धरा. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच बुडवून काढा. काहीच नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली काही सेकंद, त्याहून अधिक नाही. घासायचे नाही, पुसायचे नाही. साबण, डेटॉल, सॅव्हलॉन, टूथपेस्ट, हळद, मीठ यांतले काहीही लावायचे नाही. हळदीचा आपल्याला विश्वास आहे, पण इथे ती कामाची नाही.

मग पहिला पर्याय, दात तिथल्या तिथे जागेवर बसवणे. ऐकून छातीत धस्स होते, हे मी समजू शकतो. पण शुद्धीवर असलेल्या, सहकार्य करणाऱ्या, सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलात हे शक्य असते. पहिल्या काही मिनिटांत खोबण मोकळी असते आणि भाग काहीसा बधिर असतो. शेजारचा दात पाहून पुढची बाजू पुढे येईल असा दात धरा आणि हळूहळू खोबणीत सरकवा. घट्ट अडला तर जोर लावू नका. बसला तर मुलाला घडी केलेला स्वच्छ रुमाल दातांमध्ये धरून हलकेच चावून ठेवायला सांगा आणि लगेच दंतवैद्यांकडे निघा. थोडा वाकडा बसला तरी चालेल, तो तिथे सरळ करता येतो.

हे जमणार नसेल, मूल खूप रडत असेल, तुमचाच हात थरथरत असेल, तर दुसरा पर्याय तितकाच मोलाचा. दात दुधात ठेवा.

दूधच का?

दुधाच्या सोयीचे कारण साधे आहे. त्यातल्या क्षारांचे प्रमाण शरीरातल्या द्रवांच्या जवळ असते आणि ते जवळजवळ उदासीन असते, आंबट नसते. त्यामुळे मुळावरच्या पेशी त्यात तग धरतात. साध्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. पेशी पाणी शोषतात, फुगतात आणि फुटतात. म्हणून पाण्याने भरलेल्या ग्लासात दात घालून आणणे हा चांगल्या हेतूने होणारा दुसरा मोठा घोटाळा. दूध, सलाईन, लाळ यांतले काहीच नसेल तेव्हाच पाणी, कारण कोरडे ठेवण्यापेक्षा ते बरे. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत काही तास दुधात ठेवून नंतर बसवलेले दातही चांगले जुळले होते. म्हणजे दूध घड्याळ थांबवत नाही, पण त्याचा काटा खूप मंद करते.

कोणते दूध, हा पुढचा प्रश्न. साधे, गार दूध. कोपऱ्यावरच्या दुकानातली पिशवी किंवा टेट्रापॅक चालतो, तो आधीच निर्जंतुक करण्याची प्रक्रिया होऊन आलेला असतो. उकळत बसायची गरज नाही. घरात उकळून गार केलेले असेल तर तेही चालेल. गरम दूध नको, चहाचे दूध नको, दही-ताक नको, चॉकलेट किंवा मसाला दूध नको. शहाळ्याच्या पाण्यावर आपल्याकडे अभ्यास झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दूध मिळत असताना शहाळ्याच्या मागे जायचे कारण नाही.

दूध जवळ नसेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तयार केलेले ओआरएसचे पाणी घ्या. प्रथमोपचाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्याचा समावेश आहे आणि ओआरएसची पाकिटे बहुतेक शाळांत असतात. तेही नसेल तर मुलाला स्वच्छ वाटीत थुंकायला सांगून त्याच्याच लाळेत दात ठेवा. मोठी माणसे दात गालाच्या आत धरून नेऊ शकतात. घाबरलेल्या, रडणाऱ्या मुलाला तसे करायला लावू नये, ते गिळण्याचा धोका असतो.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. ज्या मुलाला हृदयाचा गंभीर आजार आहे, किंवा कर्करोगाच्या वा अन्य उपचारांमुळे ज्याची प्रतिकारशक्ती खूप खालावलेली आहे, त्याचा दात स्वतः बसवू नये. दुधात ठेवून डॉक्टरांकडे न्यावा आणि आजाराची माहिती आधी द्यावी.

ठाणे ते कल्याण: अंतर कुठे आहे?

आता आपल्या भागाचा विचार करू. मुंबईतली मोठी दंत महाविद्यालये, म्हणजे सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, ही चांगल्या उपचारांची जुनी ठिकाणे. पण डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनेही तासाच्या वर लागतो, कल्याणहून आणखी थोडा. त्यात घरून स्थानकापर्यंतची रिक्षा, गाडीची वाट आणि गर्दी. कोरड्या दाताचा तास ठाण्याच्या पुढेच कुठेतरी संपलेला असतो. म्हणून ‘मोठ्या रुग्णालयातच नेऊ’ हा आग्रह इथे चुकीचा ठरतो. पहिला उपचार जवळच्या दंतवैद्यांकडे झाला पाहिजे. पुढचे गुंतागुंतीचे काम दंत महाविद्यालयात नंतर करता येते.

जवळ दंतवैद्य आहेत का? ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत रस्त्यारस्त्याला दंतचिकित्सकाची पाटी दिसते. अडचण वेळेची आहे. खासगी दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी उघडे, दुपारी एक ते पाच बंद. सरकारी आणि पालिका रुग्णालयांतला दंतविभाग साधारणपणे बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत चालतो. मुले पडतात कधी? मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना, संध्याकाळच्या खेळात, रविवारी, सणाला. दुपारी दोन वाजता चिकटपट्टीच्या दारावरची बंद पाटी वाचत उभे राहिलेले पालक मी पाहिले आहेत. शेवटी ते आमच्या अपघात विभागात येतात आणि तिथे डोक्याचा मार पाहायला तयार असलेला डॉक्टर भेटतो, दाताचा नाही.

हे अंतर पैशाने भरून काढायचे नाही. एका यादीने भरते. दुपारी आणि रविवारी कोणत्या दंतवैद्यांना फोन केला तर ते दहा मिनिटांत दवाखाना उघडतील, याची वॉर्डनिहाय यादी इंडियन डेंटल असोसिएशनच्या स्थानिक शाखांनी केली आणि ती ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपापल्या शाळांत लावली, तर प्रश्न बराच सुटतो. बहुतेक दंतवैद्य घराजवळच दवाखाना चालवतात. महिन्यातून एखाद्या मुलासाठी दुपारची झोप मोडायला त्यांतले कितीतरी तयार असतील, असा माझा अनुभव सांगतो.

नंतरचे उपचार

दंतवैद्य दात नीट बसवतात, एक्स-रे काढतात आणि शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने बांधतात. ही तार साधारण दोन आठवडे असते. घट्ट, न हलणारा बांध पूर्वी घातला जाई. आता थोडी हालचाल राहू देतात, कारण तंतू त्यानेच चांगले जुळतात. प्रतिजैविके देतात आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद तपासतात. मुळाचे टोक पूर्ण बंद झालेल्या दाताचे रूट कॅनाल साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू करावे लागते. नव्याने आलेल्या, मुळाचे टोक उघडे असलेल्या दातात आतली नस पुन्हा जिवंत होण्याची शक्यता असते, तिथे थांबून पाहतात. दोन आठवडे मऊ खाणे, मऊ ब्रश, दंतवैद्य सांगतील त्याप्रमाणे चूळ, आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद.

त्यानंतर तपासण्या चुकवू नका. पहिल्या वर्षात अनेकदा आणि पुढे किमान पाच वर्षे वर्षातून एकदा तरी. दात दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असे नसते. मुळाची झीज दुखत नाही.

तासभराहून अधिक कोरडा राहिलेला दातही दंतवैद्य शक्यतो बसवतातच. पालक विचारतात, पुढे जाणारच असेल तर कशाला? कारण दहा-बारा वर्षांच्या मुलाला कायमचा कृत्रिम दात लगेच बसवता येत नाही. हाडात स्क्रूसारखा रोवायचा दात जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साधारण अठरा-वीस वर्षांनंतर बसवतात. तोपर्यंत काढता-घालता येणारी प्लेट किंवा तात्पुरता दात. जागेवर दात नसेल तर तिथले हाड आक्रसते आणि पुढचे काम अवघड होते. पाच-सहा वर्षे टिकलेला दातही त्या काळात हाड जपतो. आणि सातवी-आठवीतल्या मुलाला समोरच्या दातासह हसता येणे ही लहान गोष्ट नाही. दात नसलेली मुले वर्गात बोलायची टाळतात, फोटोत ओठ मिटून उभी राहतात. हे मी पाहिले आहे.

शाळांनी आणि आपण काय करायचे

जगभरातल्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या सुमारे शंभर कोटी लोकांच्या दातांना कधी ना कधी अपघाताने इजा झालेली आहे. दात मुळासकट निखळणे हा त्यातला थोडा भाग, पण तो बहुतांशी लहान वयात आणि बहुतांशी वरच्या समोरच्या दातांवर येतो. म्हणजे तो शाळेत येतो. स्वित्झर्लंडमध्ये शाळांत केवळ माहितीची भित्तिपत्रके लावून शिक्षकांच्या ज्ञानात फरक पडल्याचे एका अभ्यासात दिसले. भित्तिपत्रकाला लागतो किती खर्च?

शाळेने चार गोष्टी कराव्यात. प्रथमोपचार पेटीत झाकणाची छोटी बाटली, ओआरएसची पाकिटे आणि सलाईनची छोटी बाटली ठेवावी. दूध कुठून मिळेल ते शिपाईकाकांना माहीत असावे. जवळच्या तीन दंतवैद्यांचे फोन आणि वेळा कार्यालयाबाहेर लिहून ठेवाव्यात. वर्षातून एकदा शिक्षक, शिपाई आणि बसमधल्या मावशी यांना अर्ध्या तासाचे प्रशिक्षण द्यावे. आणि पालकांची परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावी, की असा अपघात झाल्यास दात जागेवर बसवून किंवा दुधात ठेवून मुलाला जवळच्या दंतवैद्यांकडे नेले जाईल. शिक्षक हात लावायला घाबरतात ते अज्ञानापेक्षा ‘काही झाले तर माझ्यावर येईल’ या भीतीने. ही भीती खोटी नाही. लेखी परवानगीने ती निम्मी कमी होते. उरलेल्यांसाठी दूध आहेच, त्यात कोणतीच जोखीम नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी यंत्रणा आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमातली पथके शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात, दातही पाहतात. त्याच भेटीत शिक्षकांना दहा मिनिटे हा विषय सांगायला नवा निधी लागत नाही, नवा आदेश पुरतो.

आमच्या व्यवसायासाठीही एक गोष्ट. तोंडाला मार लागलेले मूल अपघात विभागात आले की केसपेपरवर ‘दात कुठे आहे?’ हा प्रश्न छापलेला असावा. दात हातात असेल तर टाके घालण्याआधी तो दुधात किंवा सलाईनमध्ये टाकावा. हे काम परिचारिका करू शकते, आणि चांगल्या परिचारिका करतातही.

मुळात दात पडूच नये यासाठीही बरेच करता येते. दुचाकीवर पुढे उभे केलेले मूल ब्रेक लागला की तोंडावर आपटते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे वर्णन मी करायला नको. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट घालणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार बंधनकारक आहे, हे आपण मुलांच्या बाबतीत सोयीने विसरतो. कबड्डी, फुटबॉल, कराटे, स्केटिंग खेळणाऱ्या मुलांसाठी दंतवैद्यांकडून मापाचा दंतरक्षक करून घेता येतो. समोरचे दात खूप पुढे असतील तर ते आधी फुटतात, म्हणून त्यांची तपासणी वेळेत करावी. दहीहंडीच्या दिवसांत ठाण्यात थरांवर थर चढतात. १४ वर्षांखालच्या मुलांना त्यात चढवणार नाही असे राज्य सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात सांगितले आहे. ते मंडळांनी मनापासून पाळावे.

त्या मुलाची आई नंतर एकदा दुसऱ्या कामासाठी रुग्णालयात भेटली. धाकटीची शाळा तीच होती. तिने शाळेत जाऊन बाईंना सांगितले होते की, पुन्हा कोणाचा दात पडला तर कंपासपेटीत ठेवू नका, दुधात ठेवा. वर्गातल्या पालकांच्या गटावरही तिने तो निरोप टाकला होता. माझ्या हातून जे राहिले होते, ते तिने केले. आज हा लेख वाचून झाल्यावर तुम्हीही एवढेच करा. घरातल्या आजीला, मुलाच्या बाईंना, मैदानावरच्या सरांना एक वाक्य सांगा. दात पडला तर मुळाला हात लावायचा नाही, जमला तर जागेवर, नाहीतर दुधात, आणि तासाच्या आत दंतवैद्यांकडे.